उंदीर कुठे गेले?

एखादं औषध गुणकारी असल्याचा कागद हाती आला की तुम्ही किंमत विचारता, कुठे मिळतं ते विचारता, शेजारणीला गुण आला का तेही विचारता. पण ते घेऊन मेलं कोण, हे तुम्ही कधी विचारलंय?

मी विचारलं नव्हतं. रत्नागिरीतल्या एका फार्मसी कॉलेजात मी पदव्युत्तर शिकत होते, मधुमेही उंदरांवर प्रयोग करत होते, आणि तरीही मला हा प्रश्न पडला नव्हता. तो विचारायचे आमच्या प्राणीगृहातले चाचा. प्राणीगृह म्हणजे प्रयोगाचे उंदीर ठेवायची खोली. चाचा तिथे पिंजरे धुवायचे, उंदरांना दाणापाणी करायचे, त्यांच्याखाली अंथरलेलं भाताचं तूस बदलायचे. मी वही मिटून निघाले की दाराच्या चौकटीला खांदा टेकवून, हनुवटी वर करून म्हणायचे,

"मेलेले धरलेस काय गो, बाय?"

"आज कोणी मेलं नाही, चाचा."

"मंग तसं लिव. शून्य लिव. जागा मोकळी सोडू नको. मोकळ्या जागेत मागाहून कोण काय पण लिवतो."

साठीला टेकलेला माणूस. डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, अंगात कॉलेजचा खाकी शर्ट, आणि त्या शर्टाच्या खिशात कायम दोनचार भाजके शेंगदाणे. ते शेंगदाणे स्वतःसाठी आहेत असं सांगायचे. प्रयोगाच्या उंदरांना बाहेरचं काही घालायची बंदी होती आणि चाचा ती कडक पाळायचे. पण प्रयोगातून निवृत्त झालेली एक म्हातारी उंदरीण कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात होती, तिच्या बाबतीत त्यांचं आणि कायद्याचं जमत नसे. "तिची पेन्शन हाय ती," म्हणायचे.

मेलेले मोजायची ही खोड त्यांना समुद्राने लावली होती. चाचा मूळचे नाट्याचे, राजापूर तालुक्यातले. तरुणपणी मच्छीमारी लाँचवर खलाशी होते. त्यांच्याकडे एक रीत होती. लाँच बंदराला लागली की धक्क्यावरचं वडीलधारं माणूस आधी वरची माणसं मोजायचं, मोठ्याने. ती पुरी भरली की मगच मासळी उतरायची. एकदा चाचांची लाँच एक माणूस कमी होऊन परत आली. वाऱ्यात गेला होता. त्या दिवशी धक्क्यावर लाँचचा मालक स्वतः उभा होता. त्याने पहिला प्रश्न केला, "किती टोपल्या?"

"मी टोपली खाली ठेवली नि चालू लागलो," चाचा सांगायचे. "परत लाँचवर पाय ठेवला नाय."

समुद्र सोडून ते उंदरांकडे आले ते असे. उंदरांना रविवार नसतो, म्हणून कॉलेजच्या मागच्या खोलीतच राहायचे. घरी जायचे पंधरा दिवसांनी एकदा, एसटीने. घरी चाची एकटी. मुलगी लग्न होऊन चिपळूणला गेलेली.

माझा प्रयोग असा होता. उंदरांना एक इंजेक्शन देऊन त्यांच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारायच्या. उंदीर मधुमेही होतो. मग त्यांतल्या काहींना रोज थोडं, काहींना जास्त माशाचं तेल पाजायचं, काहींना काहीच नाही, आणि साखर कोणाची उतरते ते पाहायचं. समितीची परवानगी, नियम, सगळं रीतसर होतं. मी हे टाळ्या मिळवण्यासाठी नाही, खरोखरीच्या विश्वासाने करत होते. आमच्या किनाऱ्यावर तारली ही मासळी ढिगाने येते. तिचं तेल जर मधुमेहावर उपयोगी पडलं, तर गरिबाला महागड्या औषधांची गरज काय, असा माझा हिशेब.

इंजेक्शन प्रत्येकाला लागू पडतंच असं नाही; ते तपासायला पहिल्या दिवशी मी साखर मोजायचं यंत्र घेऊन बसले. उंदराच्या शेपटीला टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा. चाचा बाजूला उभे राहून बघत होते.

"कशाला टोचतेस त्या जिवाला? मुंग्यांना विचार."

"काय?"

त्यांनी मला मागच्या दाराने बाहेर नेलं. तिथे जांभ्या दगडाचा बुटका गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत होती. पिंजऱ्यांखालचे ट्रे धुण्याआधी ते त्या गडग्यावर ओळीने मांडून ठेवायचे आणि विडीऐवजी बडीशेप चघळत बसायचे. थोड्या वेळाने काही ट्रेंकडे मुंग्यांची रांग लागायची, काहींकडे फिरकायच्याही नाहीत. ज्याच्या लघवीत साखर त्याच्याकडे मुंग्या. चाचा बोट दाखवून पिंजऱ्यांचे नंबर सांगत गेले. मी आत जाऊन यंत्राने तपासलं. एकही चुकला नाही.

"चहा लागू झाला," ते म्हणाले. तो मी पाजला. पुढेही पुष्कळदा पाजला, कारण मी पैज लावायचं सोडत नव्हते आणि मुंग्या चुकत नव्हत्या.

मुंग्यांच्या आधीची त्यांची परीक्षा मुठीची होती. मधुमेही उंदीर पाणी फार पितो आणि फार मुततो. चाचा पिंजऱ्यातलं तूस मुठीत घेऊन दाबायचे, मग मूठ उघडून तळहात माझ्यापुढे धरायचे. तुसाचा गोळा झाला तर उंदीर आजारी. भुरभुर सांडलं तर बरा. तो उघडा तळहात मला अजून दिसतो. वास आजही नाकातून गेलेला नाही.

तेलाची पहिली बाटली आली तेव्हा त्यांनी झाकण काढून हुंगलं आणि हसायलाच लागले.

"हां तर तारलीचं तेल! आमच्याकडं होडीला लावतात. लाकडाला कीड लागू नये म्हणून."

"मग माणसालाही लागू नये, चाचा."

"लागू दे की गुण. माझं काय वाईट हाय? चाचीला पण साखर हाय. पण होडीला लावताना आम्ही होडीला विचारीत नव्हतो. उंदराला तरी विचार."

तेल पाजायला एक वाकडी, बोथट नळी असते. उंदराला मानेशी धरून ती घशातून थेट पोटात उतरवायची. हात थोडा जरी चुकला तर तेल फुप्फुसात जातं. चाचांचा हात चुकत नसे. पण नियमाने ते काम विद्यार्थ्याचं, त्यामुळे ते मी करायचे.

तिसऱ्या आठवड्यात जास्त तेलाच्या गटातले दोन उंदीर मेले.

मी आमच्या मार्गदर्शक सरांकडे गेले. सर वाईट मनुष्य नव्हते, हे आधीच सांगते. वाईट माणूस सापडला की आपल्याला फार सोपं जातं. ते म्हणाले, "नळीचा दोष असणार. तेलाचा नाही. दोघांना वगळ, राखीवमधले दोन घाल." राखीव म्हणजे त्याच दिवशी मधुमेही केलेले जास्तीचे उंदीर. मला बरंच वाटलं. हात माझाच चुकला असेल, असं मलाही वाटत होतं, आणि माझ्या हाताची शिक्षा तेलाला कशाला?

चाचांनी ते दोन उंदीर जाळायला पाठवायच्या पिवळ्या पिशवीत घातले. घालण्याआधी मूठभर कोरडं तूस अंगाखाली पसरलं. मग दारात येऊन उभे राहिले.

"मेलेले धरलेस काय?"

"ते माझ्या हाताने मेले, चाचा. तेलाने नाही."

"तुला दिसलं?"

"नाही. पण—"

"हाताने मेले असतील तर तसं लिव. तेलाने असतील तर तसं. ठाऊक नसंल तर ठाऊक नाय म्हणून लिव. पण मेले ना? मंग लिव तरी."

मी चिडले. म्हटलं, संशोधनाच्या काही पद्धती असतात. ते "हां" म्हणाले आणि म्हातारीला शेंगदाणा द्यायला गेले.

प्रयोग संपला. शेवटच्या दिवशी उंदीर मारावे लागतात, आतले अवयव तपासायला. ते काम रीतीप्रमाणे बेशुद्ध करून व्हायचं. चाचा एकेक उंदीर आणून देण्याआधी त्याच्यापुढे पाण्याची बाटली धरायचे आणि तो पोटभर पिईपर्यंत थांबायचे. आमच्या वेळापत्रकात ते बसत नव्हतं. "तहानलेलं जनावर कोण कापतं?" एवढंच म्हणाले, आणि कुणाचीही त्यांना घाई करायची हिंमत झाली नाही.

निकाल काय आला ते सरळ सांगते. तेलाच्या उंदरांच्या रक्तातली चरबी चांगली उतरली. साखर थोडी उतरली, काहींची उतरली नाही. आणि गडग्यावर मुंग्या शेवटपर्यंत तेलाच्या गटाच्या ट्रेंकडे येत राहिल्या. मी ते सरांना सांगितलं. सर हसून म्हणाले, "मुंग्यांचा आलेख कसा काढणार?" मीही हसले.

आता माझा गुन्हा.

माझे वडील पत्रकं लिहायचे. किनाऱ्यावर येऊ घातलेल्या प्रकल्पांविरुद्ध, पाण्यासाठी, रस्त्यासाठी. मी अक्षरं ओळखायला शिकले ती घरातल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवरून. त्यांनी शिकवलेला पहिला नियम होता: पत्रकात "कदाचित" लिहायचं नाही, त्याने माणूस जागचा हलत नाही. कॉलेजने किनाऱ्यावरच्या गावांसाठी आरोग्य शिबिर ठेवलं आणि मधुमेहावर पत्रक लिहायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. मी एका बैठकीत लिहिलं. मथळा दिला: "साखरेवर समुद्राचा उतारा!"

पहिल्या मसुद्यात वाक्य होतं, "उंदरांवरील प्रयोगात माशाच्या तेलाने रक्तातील साखर कदाचित काही प्रमाणात उतरते असे दिसले." मी "कदाचित" खोडलं. मग "काही प्रमाणात" खोडलं. मग "उंदरांवरील" खोडलं, कारण उंदराचं नाव वाचून लोकांना किळस येईल. राहिलं ते असं: "प्रयोगात सिद्ध झाले आहे की माशाचे तेल रक्तातील साखर उतरवते." सरांनी वाचलं आणि म्हणाले, "छान. लोकांना समजेल."

छापलेली पत्रकं आली तेव्हा मी पहिलं चाचांना दिलं. त्यांनी ओळींवरून बोट फिरवत सावकाश वाचलं. खालपर्यंत जाऊन पुन्हा वर आले.

"उंदीर कुठं गेले?"

"चाचा, उंदराचं नाव काढलं तर लोक कागद टाकून देतील."

"आधी मेलेले गेले. आता जगलेले पण गेले," ते म्हणाले. मग एकदम मऊ होऊन, "पण छपाई चांगली हाय. तुझं नाव नाय कुठं?"

"पत्रकावर नाव नसतं, चाचा."

त्यांनी कागदाची चौकोनी घडी घातली आणि शेंगदाण्यांच्या खिशात ठेवली. त्या आठवड्यात ते घरी गेले. मला वाटलं, त्यांना आवडलं.

पत्रक गावोगाव गेलं. कोणीतरी त्याचा फोटो काढला आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागला. माझ्या मावशीकडून तो मलाच परत आला, खाली हात जोडलेले. मी खूश होते. माझ्या वडिलांचं एकही पत्रक इतक्या लांब गेलं नव्हतं.

तीनचार महिन्यांनी एका सोमवारी चाचा गावाहून आले. शर्ट न बदलता थेट पिंजऱ्यांपाशी गेले. नवीन विद्यार्थ्यांचे उंदीर होते, धडधाकट. त्यांनी त्यातलं तूस मुठीत घेतलं आणि दाबत राहिले. मूठ उघडेचनात.

"काय झालं, चाचा?"

"घरच्या न्हाणीत मुंग्या हायत गो."

मला अर्थ लागायला क्षणभर लागला. चाचीला साखर होती.

त्यांनी सांगितलं ते तुटक होतं, मी जोडून सांगते. रविवारी सकाळी ते अंघोळीला गेले. न्हाणीच्या कडेने मुंग्यांची रांग होती. दुसरं कोणी साबणाचं म्हणालं असतं. चाचा तसेच बाहेर आले आणि चाचीला विचारलं, "गोळ्या घेतेस?" ती म्हणाली, कधीच्या सोडल्या. गोळ्यांनी पोट बिघडायचं, आता राजापूरहून तेलाची बाटली आणवते, रोज दोन चमचे. रोज तारलीही खाते. मग त्यांनी तिला ओट्यावर बसवलं आणि तिचे पाय बघितले. ओहोटीला खडकावर कालवं फोडायला गेली असताना शिंपीची धार अंगठ्याखाली लागली होती. पंधरा दिवसांपूर्वी. दुखत नव्हतं, म्हणून तिने कोणाला सांगितलं नव्हतं. अंगठा काळा पडला होता.

"दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणते, दुखत नाय तर कशाला. गोळी दिली तर घेत नाय. कागद दाखवते. म्हणते, तुमच्याच कॉलेजचा हाय, तुमीच आणलात." ते थांबले. "आणला मीच. मी दिवसभर काय करतो ते तिला कधी कळलं नव्हतं. वाटलं, दाखवू या."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू लिवलंस. तू येऊन सांग."

आम्ही त्याच दिवशी एसटीने निघालो. सगळ्या वाटेत चाचा एकदाच बोलले. खिडकीतून कातळाकडे बघत म्हणाले, "मी पण बोललो नाय तिला. कागद देताना बोलायला पायजे होतं. पोरीचं कौतुक वाटलं, म्हणून नाय बोललो."

चाची ठेंगणी, गोरी, बोलघेवडी. पाय लपवण्यासाठी लुगडं खाली ओढून बसली होती. मला बघून तिला झालेला आनंद मी विसरू शकत नाही.

"हीच काय ती कागदवाली? ये गो, बस. ह्यांचं सगळं तुझंच पुराण असतं. सांदण केलेत, खा आधी."

पत्रक भिंतीवर खिळ्याला टाचलेलं होतं. चाचीला वाचता येत नव्हतं. शेजारच्या मुलीकडून वाचून घेऊन तिने ते पाठ केलं होतं. माझं वाक्य तिने मला म्हणून दाखवलं, एक शब्द न चुकता. "प्रयोगात सिद्ध झाले आहे."

मी म्हटलं, "चाची, ते उंदरांवर झालं होतं."

"काय उंदरांवर?"

"तेल उंदरांना दिलं होतं. माणसांना नाही. आणि उंदरांची पण साखर नीट उतरली नव्हती. मी जास्त लिहिलं."

ती हसली. खरंच हसली. "म्हंजे उंदराचं औषध मी खाल्लं? ऐकलंत काय!" मग तिने चाचांकडे पाहिलं, आणि हसणं हळूहळू उतरलं.

"तुमाला ठाऊक होतं?"

चाचा दारात उभे होते. म्हणाले, "होतं."

"ते उंदीर जगले?"

"दोघं गेले. मी पिशवीत भरले."

 चाची ओट्यावरून उतरली, भिंतीवरचा कागद काढला आणि माझ्या हातात दिला. रागाने नाही. पाहुण्याची राहिलेली वस्तू परत करावी तसा. म्हणाली, "चला. गाडी बघा."

रत्नागिरीच्या दवाखान्यात आधी दोन बोटं काढली. मग घोट्याच्या वर. मग गुडघ्याखाली. प्रत्येक वेळी डॉक्टर म्हणायचे, थोडं आधी आणलं असतं तर. चाची प्रत्येक वेळी त्यांना म्हणायची, "दुखलं नाय हो." जखमेचं विष रक्तात भिनलं होतं. बाविसाव्या दिवशी ती गेली. मुलगी चिपळूणहून आली होती. ती माझ्याशी बोलली नाही. बरोबर केलं.

तुम्ही म्हणाल, माशाचं तेल काही विष नाही. नाही. त्या बाटलीने चाचीला मारलं नाही. माझ्या एका वाक्याने तिच्या हातातली गोळी काढून घेतली. मरायला तेवढं पुरतं.

मी सरांकडे गेले. पत्रक मागे घेतल्याचं कॉलेजने जाहीर करावं, असा अर्ज दिला. उत्तर आलं की पत्रकाची भाषा विद्यार्थिनीची आहे, संशोधन निर्दोष आहे. पहिलं खरं होतं. दुसरं खरं व्हावं म्हणून मी प्रबंधाच्या तक्त्यात ते दोन उंदीर परत घातले आणि शेरा लिहिला: मृत्यू, कारण ठाऊक नाही. प्रबंध अजून सरांच्या टेबलावर आहे. मी दुसरं पत्रक छापलं, पहिलं खोटं होतं असं सांगणारं, आणि नाट्यापासून गावोगाव हिंडून वाटलं. त्याचा फोटो कोणी काढला नाही. पहिलं अजून फिरतं आहे.

चाचा कॉलेजात परत आले नाहीत. त्यांच्या जागी आलेला माणूस चांगला आहे, ट्रे आतच नळाखाली धुतो. म्हातारी उंदरीण पुढच्या महिन्यात मेली. मी तिची नोंद केली.

चाचीचा चाळीसावा दिवस, त्या दिवशीचा फातेहा झाल्यावर मी एकदा नाट्याला गेले. चाचा अंगणात बसले होते. त्यांनी मला शिव्या द्याव्यात म्हणून मी गेले होते, हे त्यांना कळलं असावं. त्यांनी दिल्या नाहीत. पाणी आणून दिलं. म्हणाले, "तुझ्यावर ठेवून मी मोकळा होऊ काय? तू लांबची. मी घरचा." मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "उंदराचं नख पण तपासायचो मी रोज. हिच्या हातचं जेवलो तीसबत्तीस वरसं. हिच्या पायाकडं कधी बघितलं नाय."

त्यानंतर भेट नाही. मुलीने त्यांना चिपळूणला नेलं असं ऐकलं. घराला कुलूप आहे.

पत्रक लिहिण्याचा मला आता अधिकार नाही. तरी हे एक शेवटचं समजा, आणि यात एकही शब्द खोडलेला नाही. तुमच्या घरात कोणाला तरी साखर आहे. आई असेल, सासरे असतील, बायको असेल. हा कागद खाली ठेवा आणि त्यांच्याकडे जा. आजची गोळी घेतली का, ते विचारा. कोणी काही वाचून, ऐकून ती सोडली असेल, तर उद्या डॉक्टरांकडे घेऊन जा. मग त्यांना उजेडात बसवा, पाय आपल्या मांडीवर घ्या, आणि तळवे बघा, बोटांच्या मधल्या बेचक्या बघा. ते संकोचतील, पाय ओढून घेतील, काही दुखत नाही म्हणतील.

दुखत नाही म्हणूनच बघा.